शनिवारची भिंगरी

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. छोटी पांढरी गाडी, टपावर लाल अक्षराची पाटी, आणि शेजारच्या सीटसमोर त्यांच्या पायाशी बसवलेला जादा ब्रेक. दिवसभर त्या सीटवर बसून ते दुसऱ्यांच्या चुका पायाखाली दाबत असत. येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची. एक निवृत्त बाई तर गिअर बदलताना गाडीला "सरक ना गं बाई" म्हणून विनवायच्या. रस्त्यात कबूतर दिसलं की करकचून ब्रेक मारायच्या आणि "वाचलं बिचारं" अशा चेहऱ्यानं मास्तरांकडे बघायच्या. मास्तर कधी कुणावर ओरडले नाहीत. "घाई नाही. रस्ता काही पळून जात नाही," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

घाई त्यांना स्वतःलाही नसायची. घरी जाऊन करायचं काय?

दोन वर्षांपूर्वी ते आणि त्यांची बायको वेगळे झाले होते. आदळआपट झाली नाही, कुणी तिसरं माणूस मधे आलं नाही. बोलणं आटत गेलं, एवढंच. शेवटी शेवटी घरात नुसते निरोप उरले होते. नळ गळतोय, गॅस संपत आलाय, उद्या मला उशीर होईल. मग एक दिवस तीच म्हणाली, "आपण एकमेकांचे भाडेकरू झालोय." ती आणि मुलगी जुन्याच घरात राहिल्या. मास्तरांनी चपलांच्या एका दुकानाच्या माडीवर खोली घेतली. खोलीत चामड्याचा वास कायम मुरलेला. एक पलंग, एक टेबल, एका माणसाच्या बेताची भांडी. खुर्च्या मात्र त्यांनी दोन आणल्या.

दुसरी खुर्ची मुलीसाठी. मुलगी नुकतीच अठराची झालेली. लहानपणी एका जागी म्हणून टिकायची नाही, तेव्हापासून घरात तिला भिंगरीच म्हणायचे. शाळेच्या हँडबॉलच्या संघात होती. आदल्या वर्षी एका सामन्यात तिचा गुडघा पिरगळला, ऑपरेशन करावं लागलं. गुडघा सांधला, पण खेळ सुटला तो सुटलाच. मैत्रिणी बॅगा खांद्याला अडकवून मैदानावर निघायच्या आणि ही वरून खिडकीतून बघत बसायची, असं तिच्या आईनं मास्तरांना फोनवर सांगितलं होतं.

खोलीवर भिंगरी यायची ती पाहुणी आल्यासारखी. खुर्चीच्या कडेवर टेकायची, फोनवर बोटं फिरवायची. "बरंय", "ठीके", "माहीत नाही" एवढ्यावर अख्खी भेट उरकायची. मास्तरांनी आठवडाभर गोळा करून ठेवलेल्या गमती तिच्यासमोर मांडल्या की त्या त्यांच्या त्यांनाच शिळ्या वाटायला लागायच्या. मग त्यांनी तोडगा काढला. "तुला गाडी शिकवतो," ते म्हणाले. "दर शनिवारी दुपारी." गाडीत बसलं की दोघांना एकाच दिशेला बघावं लागतं, बोललं नाही तरी चालून जातं. असा त्यांचा हिशेब.

सुरुवातीचे शनिवार मुकाट गेले. शहराच्या टोकाला एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या आवारात ते तिला क्लच सोडायला शिकवायचे. ती दात आवळून स्टिअरिंग धरायची आणि गाडी हिसका देऊन बंद पडली की खिडकीबाहेर बघायची.

मग एका शनिवारी काय झालं कोण जाणे. भिंगरी जिना चढून आली तीच हसत. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, हा शर्ट तुला छान दिसतो." मास्तरांनी खाली बघितलं. शर्ट जुनाच होता. त्या दुपारी तिनं गाडी अशी अलगद चालवली की जणू खाली रस्ता नव्हे, पाणी होतं. आवाराच्या भिंतीशी गाडी थांबवून तिनं इंजिन बंद केलं, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बोलायला लागली. शाळेबद्दल. खेळाबद्दल. "तुला आठवतं, तू मला टेबलावर उभं करून वेण्या घालायचास? एक वर, एक खाली?"

"तू हलायचीस म्हणून. स्थिर उभी राहिलीस का कधी?"

"आता बसलेय बघ स्थिर," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मास्तर तसेच बसून राहिले. खांदा अवघडला, मुंग्या आल्या, पण त्यांनी तो तसूभरही हलवला नाही. त्या संध्याकाळी चपलांच्या दुकानदारानं त्यांना जिन्यात शीळ घालताना ऐकलं आणि मान बाहेर काढून विचारलं, "काय मास्तर, लॉटरी लागली की काय?"

"तसंच काहीसं," मास्तर म्हणाले.

तिथून पुढे ते शनिवारच्या आशेवर जगायला लागले. सगळेच शनिवार तसे नसत. एखाद्या शनिवारी भिंगरी नाक पुसत यायची, डोळ्यांना पाणी, लागोपाठ जांभया. उन्हात बसूनही अंगावर काटा, आणि कपाळावर घाम. "सर्दी झालीय," म्हणायची. मास्तर "आरसा बघ" एवढं म्हणाले तरी "ओरडू नकोस ना!" म्हणून फिस्कारायची. मास्तरांना वाटायचं, वय आहे. गुडघ्याचं दुःख आहे. आईबापांनी घर मोडलं त्याचा राग कधीतरी निघायचाच. पुढच्या शनिवारी पुन्हा ती गोड व्हायची, पुन्हा खांद्यावर डोकं, आणि मास्तरांचा सगळा आठवडा धुऊन निघायचा.

गोड शनिवारी ती सारखी नाक चोळायची, दंड खाजवायची. मास्तरांनी तिच्यासाठी गाडीत मलम आणून ठेवलं. बोलता बोलता ती वाक्य अर्धंच सोडायची, पापण्या जड व्हायच्या. झोप होत नाही पोरीची, अभ्यास फार देतात हल्ली, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं. आणि तिचे डोळे! लहानपणी होते तसे मधाच्या रंगाचे, भरून आल्यासारखे. मधली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. मास्तर त्या डोळ्यांकडे बघत राहायचे. बाळ असताना पाळण्यातून ती अशीच टक लावायची, हे त्यांना आठवायचं. दुसरं काही आठवायचं नाही.

आठवायला हवं होतं. कारण दर नव्या तुकडीला ते नियमांचं पुस्तक वाचून दाखवायचे, आणि त्यात एक धडा नशेवर होता. दारूचं सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणून मास्तर पुढचा परिच्छेद मुद्दाम सावकाश वाचायचे. काही गोळ्या, काही औषधं, त्यानं माणूस सुस्तावतो, अंग खाजवतो, बाहुल्या बारीक होतात, धोका दिसतो पण पाय हलत नाही. इतक्या वर्षांत तो परिच्छेद त्यांना तोंडपाठ झाला होता. भिंगरीसुद्धा त्या नियमांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तो ऐकून गेली होती.

त्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं. दिवसाउजेडी दुकानांतले दिवे लागले होते. भिंगरीचा हात आता बसला होता, म्हणून मास्तरांनी गाडी बाजारपेठेकडून घ्यायला सांगितली. गोड शनिवार होता. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर एक म्हातारा काठी टेकत, कुत्र्याची दोरी धरून निघाला होता. मास्तरांनी त्याला पाहिलं. भिंगरीनंही पाहिलं, तिची मान त्याच्याकडे वळलेली मास्तरांना स्पष्ट दिसली. पण तिचा पाय जिथं होता तिथंच राहिला.

मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक असा दाबला की दोघंही पट्ट्यात ओढले गेले. गाडी म्हाताऱ्याच्या काठीला टेकता टेकता थांबली. म्हाताऱ्यानं बॉनेटवर जोरानं हात आपटला, तोंडातल्या तोंडात शिवी घातली आणि कुत्र्याला ओढत पलीकडे गेला.

भिंगरी हळूच हसली. "थांबली की रे," म्हणाली.

ह्या धंद्यात मास्तरांनी घाबरलेली माणसं पुष्कळ बघितली होती. कुणी रडायचं, कुणी स्टिअरिंग सोडून डोळे झाकायचं, एक दांडगा गडी तर गाडीतून उतरून चक्क पळून गेला होता. पण भीती वाटायला हवी तिथं ती आलीच नाही, असं माणूस त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. आणि पहिल्यांदा बघितलं ते हे. आपलंच.

"उतर. मी चालवतो," ते म्हणाले.

जवळच्या एका गल्लीत, उंच इमारतीच्या सावलीत त्यांनी गाडी लावली. भिंगरीनं नेहमीसारखं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. श्वास संथ, फार संथ.

"इकडे बघ माझ्याकडे."

तिनं बघितलं. गल्लीत एवढं अंधारून आलेलं, तरी बाहुल्या टिंबाएवढ्या. तोंडपाठ असलेला तो परिच्छेद मास्तरांना शब्दाशब्दानं ऐकू यायला लागला, आपल्याच आवाजात.

"भिंगरी, तू काय घेतलंयस?"

"काही नाही. झोप आलीय."

तिनं पुन्हा डोकं टेकलं. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. मास्तर तिथंच थांबू शकले असते. काही नाही म्हणतेय ना पोर, मग नसेल. दुसऱ्यांदा विचारलं की हे सगळं संपणार, हे त्यांना पक्कं कळत होतं. हा शनिवार, हे खांद्यावरचं ओझं, ह्या गप्पा. दोन वर्षांत हातात आलेलं एवढंच काय ते सुख होतं, आणि ते त्यांनीच आपल्या हातानं मोडायचं होतं. समोरच्या काचेवर पावसाचे चार थेंब पडले. मास्तरांनी ते पुसले नाहीत.

मग त्यांनी विचारलं. "मी पुन्हा विचारतोय. काय घेतलंस?"

"गुडघ्याची गोळी. डॉक्टरांनीच दिलेली."

"ती तर कधीच बंद झाली."

"बाबा..." तिनं त्यांची बाही धरली. "नको ना खराब करूस. आत्ता किती छान वाटतंय."

मास्तरांनी गाडी चालू केली.

भिंगरीच्या आईचं फुलांचं दुकान होतं. पहाटे घाऊक बाजारात जाऊन फुलं आणायची, पाण्यानं भरलेल्या बादल्या उचलून उचलून तिच्या कमरेचे हाल झाले होते. मास्तर त्या दुकानात वेगळे झाल्यापासून पाऊल टाकायचे नाहीत. मुलीला कोपऱ्यावर सोडून परस्पर निघून जायचे. आज ते मुलीच्या दंडाला धरून सरळ आत आले. बायको कात्रीनं गुलाबांचे देठ तिरपे कापत होती. तिनं नुसतं दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

"काय झालं? ठोकली का गाडी?"

"नाही. हिला बसव आधी."

भिंगरी बाकड्यावर बसली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं. म्हातारा, पाय, डोळे, गोळी. बायको ऐकत होती आणि तिचा चेहरा आधी लाल झाला.

"आठवड्यातनं एकदा भेटतोस आणि मला येऊन सांगतोस? माझ्या घरात आहे ती. मला कळणार नाही? तिला सर्दी आहे. कधीची सर्दीच हटत नाहीये तिची. सकाळी अंथरुणातनं उठवत नाही, पाय दुखतात म्हणते, पोटात कळा येतात म्हणते, काही बोलायला जावं तर अंगावर धावून येते..."

बोलता बोलता तिचा वेग कमी झाला.

"माझ्याकडे पण येते ती सर्दी," मास्तर म्हणाले. "गोळी मिळाली नाही की येत असेल."

ती मटकन स्टुलावर बसली. "माझ्या कमरेच्या गोळ्या," ती म्हणाली. "डबी बघता बघता रिकामी व्हायची. मला वाटायचं, मीच वेंधळी. घेतलेली विसरते आणि परत घेते." तिनं ओले हात तोंडावर ठेवले. मग हात काढून एकदम म्हणाली, "तुझ्याशी हसायची ना रे ती? शनिवारी संध्याकाळी घरी यायची तेव्हा तोंडावर अजून ते हसू असायचं. मला बघितलं की जायचं. मी आतल्या आत जळायचे. म्हटलं, हिला बापच हवाय."

"मलाही तसंच वाटायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला मीच हवाय असं." मास्तर फुलांच्या बादलीकडे बघत म्हणाले, "तू म्हणतेस ती सर्दीवाली, चिडकी, तीच खरी आपली मुलगी होती बहुतेक. आणि माझ्याकडे यायची ती..."

तिनं उठून दुकानाचं दार आतून लावलं. बाकड्याजवळ जाऊन मुलीच्या नाकापुढे बोट धरलं, गालावर चापट मारून तिला जागं केलं. "चला," ती म्हणाली. "आपण तिघंही जाऊ."

दवाखान्यात त्या वेळी एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी भिंगरीला आधी नीट तपासलं, श्वासावर लक्ष ठेवायला एक नर्स बसवली आणि मग आईबापांना बाहेर बोलावलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्या सवय लावणाऱ्या जातीच्या असतात, त्या म्हणाल्या. दुखणं थांबतं, आणि मनाचंही दुखत असेल तर तेही थोडा वेळ थांबतं. पोरं ते विसरत नाहीत. आईच्या डबीतल्या गोळ्या संपल्या की कुणाकडून तरी मिळवतात, आणि त्या कुणाकडच्या गोळ्यांत काय असतं हे देवाला ठाऊक. "वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "घरी कोंडून गोळ्या एकदम बंद करायला जाऊ नका, रागावू तर मुळीच नका. ह्याला उपचार आहेत." मास्तरांनी विचारलं, "आम्हाला कळलं कसं नाही?" डॉक्टर दिवसभराच्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "सर्दीच वाटते हो सगळ्यांना."

भिंगरीला एका उपचार केंद्रात ठेवलं. शहराबाहेर, झाडीतली बैठी इमारत, खिडक्यांना हिरवा रंग. पहिले दिवस फार वाईट गेले. आई भेटून यायची आणि गाडीच्या काचेतून मास्तरांना सांगायची. आज खाल्लं. आज नाही खाल्लं. आज मला शिव्या दिल्या. मास्तर गाडीतच बसून असायचे, कारण भिंगरीनं त्यांना भेटायचं नाही असं सांगितलं होतं. "त्यानं सांगून टाकलं," एवढंच ती म्हणायची.

शनिवार यायचाच. दुपारचा वेळ मास्तरांनी मुद्दाम कुणालाच दिला नव्हता. रिकामी गाडी घेऊन ते कारखान्याच्या आवारात जायचे आणि भिंतीशी थांबायचे. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं होतं, त्याकडे बघत बसायचे. त्यांना तिची आठवण यायची, आणि लाज अशी की आठवण यायची ती गोड शनिवारच्या भिंगरीची. ती हसणारी, वेण्यांबद्दल बोलणारी. ती खरी नव्हती हे त्यांना समजलं होतं. पण खांद्याला कुठं समजतं? खांदा तिची वाट बघतच होता.

बरेच दिवस गेल्यावर केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी तिघांना एकत्र बोलावलं. छोटी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. भिंगरी वाळली होती, केस कापले होते, डोळ्यांखाली काळं. तिनं बापाकडे बघितलं नाही. पण बाईंनी विचारल्यावर बोलली, जमिनीकडे बघत.

"घरी मी आधी झोपायला म्हणून घ्यायचे. नंतर तुला भेटायला यायच्या आधी घ्यायला लागले."

"माझ्यामुळे?" मास्तरांनी विचारलं.

"तुझ्यामुळे नाही. म्हणजे... तू दार उघडायचास ना. तेव्हा तुझं तोंड असं असायचं, जसा काही तू आठवडाभर दाराशीच उभा आहेस. मला ते बघवायचं नाही बाबा. मला वाटायचं, ह्याला आता मी आनंदात ठेवायचं. आणि माझ्याकडे काहीच नसायचं द्यायला. गोळी घेतली की यायचं मला. हसायला यायचं."

भिंगरीच्या आईनं मान खाली घातली. बाई मास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

मास्तरांच्या ओठांशी पुष्कळ काही आलं. मी बाप आहे, मी वाट बघणार नाही तर कोण बघणार, हेही आलं. त्यांनी ते गिळलं.

"बरोबर सांगतेय ती," ते म्हणाले. "मी दाराशीच उभा असायचो."

तेव्हा भिंगरीनं पहिल्यांदा वर बघितलं. डोळे लाल होते, थकलेले होते, आणि मधल्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. त्यात प्रेम होतं की राग, हे मास्तरांना काही केल्या ओळखता आलं नाही.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर नवरा-बायको गाडीपाशी आले. ती म्हणाली, "एक विचारू? आपण पुन्हा एकत्र राहावं असं वाटतं तुला?"

"वाटतं," मास्तर म्हणाले. "रोज वाटतं."

"मला नाही वाटत रे," ती म्हणाली. तिनं ते इतक्या मायेनं म्हटलं की मास्तरांना रागावताही येईना. "पण दुकानात येत जा. कोपऱ्यावरून पळून जाऊ नकोस. बादल्या उचलायला कुणीतरी हवंच असतं मला."

भिंगरी घरी आली. एकदा पाय घसरला, गोळी घेतली, पुन्हा केंद्रात जावं लागलं. त्या वेळी तिनं स्वतःच आईला उठवून सांगितलं. दुसऱ्यांदा आली ती अधिक गप्प होऊन आली. तिनं गाडी शिकायचं नाव काढलं नाही, मास्तरांनीही काढलं नाही. शनिवारचं ठरलेलं भेटणं त्यांनी आपणहून सोडून दिलं. "तुला वाटेल तेव्हा ये," असं सांगितलं आणि शनिवारच्या दुपारी शिकाऊ मंडळी घ्यायला लागले. संध्याकाळी चपलांच्या दुकानदाराबरोबर तळ्यापर्यंत फिरायला जायला लागले. दुकानदार वाटेत भेटेल त्याच्या चालीवरून त्याच्या टाचा कुठं झिजल्यात ते सांगायचा, मास्तरांना हसू यायचं. सकाळी जमेल तेव्हा फुलांच्या दुकानात जाऊन बादल्या भरायचे. तिथं भिंगरी कधी असायची, कधी नसायची. असली तर "आलास?" म्हणायची आणि देठ कापत राहायची.

वाट बघणं त्यांनी सोडलं असं नाही. ते सुटत नाही. फक्त ते तोंडावर दिसू नये म्हणून ते जपायला लागले.

एका मंगळवारी ते एका सुताराला गाडी शिकवत होते. रंदा मारावा तसा तो स्टिअरिंगवर जोर लावायचा. फोन वाजला तेव्हा मास्तरांनी आधी दुर्लक्ष केलं, मग नाव बघितलं आणि सुताराला गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"बोल गं."

"काही नाही," पलीकडून भिंगरी म्हणाली. आवाज कोरडा, कावलेला. "आईचा फोन लागत नाही म्हणून तुला केला. ती नवीन बाई आलीय ना, गुडघ्याचे व्यायाम घेणारी, ती एक नंबरची खडूस आहे. दुखतंय म्हटलं तर म्हणते दुखणारच. आणि वर सगळ्यांसमोर म्हणते, तू आळशी आहेस."

"मग?"

"मग काय मग. मी निघून आले. बसस्टॉपवर बसलेय. बस पण येत नाहीये."

मास्तरांना वाटलं, येतो म्हणावं, आत्ता गाडी वळवून येतो. त्यांनी ते म्हटलं नाही. ती तक्रार करत राहिली. बाईबद्दल, बसबद्दल, शेजारी बसून मोठ्यानं च्युइंगम चघळत बडबडणाऱ्या कुणा माणसाबद्दल. त्यात गोड असं काही नव्हतं. एकदाही ती हसली नाही. सुतारानं घड्याळाकडे बघितलं, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आपणच इंजिन बंद केलं.

"ऐकतोयस का बाबा?"

"ऐकतोय," मास्तर म्हणाले. "तो च्युइंगमवाला काय म्हणाला पुढे?"